ऑपरेटिंग सिस्टीमचं रूप बदललं की लोक एवढे वैतागतात का?

तुम्ही विचारलंय की नवी आवृत्ती आली की लोक उगाच ओरडतात, चार दिवसांत सवय होतेच, मग त्रास खरा म्हणायचा का? माझ्या मते तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. रंग, आयकॉन, गोलसर कोपरे यांची सवय खरंच चार दिवसांत होते. जागा बदलली की मात्र गाडी अडते. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम आहे. मोठ्या अपडेटनंतर 'दिसायला वाईट आहे' अशी तक्रार क्वचितच येते. 'ते कुठं गेलं?' हे मात्र दिवसभर ऐकावं लागतं.

रोजच्या कामात आपण स्क्रीन वाचत नाही, हात सवयीने जातो. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मधलं राइट-क्लिक बघा. आधी कट, कॉपी, रिनेम असं सरळ लिहिलेलं असायचं. नव्या मेन्यूत त्याची बारीक चित्रं झाली, आणि चित्रांची ती ओळ कधी मेन्यूच्या वर तर कधी खाली, मेन्यू कुठल्या बाजूला उघडतो त्यावर. म्हणजे हाताने काही लक्षात ठेवायची सोयच नाही! बाकीचं बरंचसं 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड गेलं. पुढच्या एका आवृत्तीत चित्रांखाली शब्द परत आले, यावरूनच काय ते समजा.

स्टार्ट बटणाचंही तेच. डाव्या कोपऱ्यात असताना माउस जोरात खाली-डावीकडे ढकलला तरी चालायचं, कारण पॉइंटर कोपऱ्यापुढे जाऊच शकत नाही. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं लवकर गाठता येतं, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं आणि त्या हिशेबाने कोपरा ही स्क्रीनवरची फार सोयीची जागा. विंडोज ११ ने बटण मधल्या आयकॉनांच्या रांगेत नेलं. जास्त प्रोग्राम उघडले की रांग पसरते आणि बटण आणखी डावीकडे सरकतं.

विंडोज ८ ची (२०१२) आठवण तर अजून निघते. स्टार्ट बटण गायब, मेन्यूच्या जागी स्क्रीनभर चौकोनी टाइल्स, आणि नुसतं शटडाउन करायला पॉइंटर उजव्या कोपऱ्यात नेऊन सेटिंग्ज, मग पॉवर. टचस्क्रीनसाठी आखलेली मांडणी माउसवाल्यांच्या गळ्यात मारली होती. २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परतलं, पण दाबलं की पुन्हा त्या टाइल्सच. खरा मेन्यू यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं.

अर्धवट बदल त्याहून वाईट, असं माझं मत. सेटिंग्ज नावाचं वेगळं ॲप विंडोज ८ पासून आहे, तरी त्याच कामाचं जुनं कंट्रोल पॅनल अजून पूर्ण गेलेलं नाही. एखादी गोष्ट दोन्हींपैकी कुठे सापडेल, हे मलाही कधी कधी शोधावं लागतं.

सगळ्यात हाल होतात ते वहीत पायऱ्या लिहून शिकलेल्यांचे: 'डावीकडे खाली क्लिक, मग वरून तिसरं.' आपल्याला वाटतं, नजर फिरवली की सापडेल. त्यांना वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं, आणि ते पुढे हातच लावत नाहीत.

बदल नकोतच असं नाही. लहान स्क्रीन, स्पर्श, अंधुक दिसणाऱ्यांची सोय यासाठी ते करावेच लागतात. पण जुनी जागा निवडायची मुभा हवी. ॲपलने २०११ मध्ये मॅकवर स्क्रोलची दिशा उलटी केली, पण सेटिंगमध्ये एक टिक काढली की पूर्ववत. याउलट विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबार (स्क्रीनच्या तळाची आयकॉनांची पट्टी) वरच्या कडेला किंवा बाजूला नेण्याची जुनी सोयच काढून टाकलेली होती.

तुमच्या घरी कुणी अडलं असेल तर विंडोज ११ मध्ये टास्कबारवर राइट-क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा आणि अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. फाइल निवडून शिफ्ट-एफ१० दाबलं की राइट-क्लिकचा जुना मेन्यू येतो. कंट्रोल-सी (कॉपी), विंडोज-ई (फाइलींची खिडकी) असे शॉर्टकट मात्र त्यांना आताच शिकवा, ते इतक्या आवृत्त्यांत हललेले नाहीत.