बोरमाळ आणि तारण

चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून टाळलं. ऑगस्टमध्ये नगरला माळीवाडा स्टँडजवळ तू 'सोने तारण कर्ज' अशी पाटी वाचलीस, आणि रविवारी मंडळीत सगळे 'येशू माझे तारण' म्हणत होते. "आई, हे बँकेतलंच तारण का? आणि देवाला नुसतं 'माफ केलं' म्हणता आलं नसतं का?"

शब्द एकच आहे, आणि मला तो त्यामुळेच आवडतो. तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, आणि तारण म्हणजे बुडणाऱ्याला काढणं. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाच्या काळी रोमी साम्राज्यात मोल भरून गुलामाला, युद्धकैद्याला सोडवत. येशूने काय केलं हे सांगताना पौलाने त्याच व्यवहारातला शब्द घेतला. येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रात तर थेट येतं की तुमची सुटका सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली.

आता आपल्या घरातली गोष्ट सांगते. तुला ती कुणी सांगितली नसेल, कारण धाकटे आजोबा होते तोवर घरात तिचा उच्चार होत नसे. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, लोक खडी फोडायच्या कामावर. धाकट्या आजोबांनी आजीची बोरमाळ बियाण्यासाठी म्हणून मागून नेली आणि सावकाराकडे गहाण टाकली. पैसे दारूत गेले. ते घरी आलेच नाहीत, स्टँडवर झोपायचे. आजोबांनी बैलजोडी विकली, अशा साली, मिळेल त्या भावाने. बोरमाळ सोडवून आणली आणि मग स्टँडवर जाऊन भावाला घेऊन आले. आजीने ताट वाढलं. पुढची दोन वर्षं आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली.

त्या रात्री धाकट्या आजोबांना काही भरावं लागलं नाही. पण कुणीच भरलं नाही असं नाही ना? आजोबा नुसतं "जाऊ दे" म्हणाले असते, तर माळ तिकडेच राहिली असती आणि भाऊ स्टँडवर. ज्याचं नुकसान झालं होतं त्यानेच ते भरलं. वधस्तंभाकडे पाहताना मला हेच दिसतं.

मग इथे सावकार कोण, असं तू विचारशीलच. आपल्या मराठी बायबलात येशूने आपला प्राण 'खंडणी' म्हणून दिला असं आहे, आणि तू बातम्यांत ऐकलेली खंडणी गुंड मागतात. हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकात नाझियान्झचा ग्रेगरी नावाचा बिशप विचारत होता, की ही खंडणी घेतली कुणी? सैतानाने? लुटारूला एवढं मोल देणं त्याला लाजिरवाणं वाटलं. मग पित्याने? ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही, तो स्वतःच्या पुत्राचं रक्त कसं मागेल? मीही त्याच्याच बाजूची आहे. बाप रागावला म्हणून त्याने पोराला मारलं, असं तुला कुणी शिकवलं तर ते मनात ठेवू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः सांगतो की माझा प्राण कुणी हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो.

जत्रेत बळी देतात त्या बोकडाचंही तू विचारलं होतंस. यहुदी लोकही मंदिरात पशू अर्पण करत. मिसरातून सुटायच्या रात्री त्यांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं होतं, त्याची आठवण म्हणजे वल्हांडण, आणि येशूला वधस्तंभावर दिलं ते त्याच सणाच्या दिवसांत. म्हणून त्याला देवाचा कोकरा म्हणतात. पण तिथे माणूस देवाकडे काहीतरी घेऊन जायचा, दर वर्षी, पुन्हा पुन्हा. इथे देवच घेऊन आला, आणि एकदाच.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या घराचं नाव 'मुक्ती' ठेवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, शेकड्यांनी. हा शब्द त्यांनी प्रार्थनेपुरता ठेवला नाही, त्या मुलींना जेवू घातलं, शिकवलं. लहानपणी आजीबरोबर केडगावला गेले होते तेव्हा ती फाटकाशी थांबून बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. ती का थांबली, हे मला बोरमाळीची गोष्ट कळल्यावर समजलं.

ती बोरमाळ आता इथे लेस्टरला माझ्या कपाटात आहे. एक मणी चेपलेला आहे, तो सावकाराकडेच चेपला. आजी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पांढरं लुगडं नेसायची आणि अंगावर दागिना ठेवायची नाही. बारा ते तीनच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार संपेपर्यंत ती मान वर करत नसे. पुनरुत्थानाच्या रविवारी मात्र पहाटे अंधारातच बोरमाळ घालून मेणबत्ती घेऊन आजोबांच्या कबरीवर जायची.

मीही तसंच करते. यंदा त्या पहाटे बोरमाळ तू घाल. पाच वाजता उठवते.

तुझी,
आई