ओट्यावरचे पांढरे डाग, आणि सीलर नक्की काय करतो

प्रश्न : आमचा ओटा कडप्प्याचा आणि किचनमध्ये खाली कोटा. राहायला येऊन वर्षही झालं नाही तर ओट्यावर पांढरट गोल डाग पडलेत, जिथे मी लिंबू चिरते तिथे जास्तच. साबण, खायचा सोडा, व्हिनेगर सगळं लावून बघितलं, डाग वाढलेच. हार्डवेअरवाला म्हणतो सीलर मारा, परत डाग पडणार नाहीत. खरंय का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी ते व्हिनेगर बंद करा. कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीचे दगड, आणि मार्बल पण त्याच जातीतलं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, काहीही आंबट सांडलं की तो वरचा थर थोडासा विरघळतो आणि पॉलिश जातं. तुम्हाला पांढरं दिसतंय तो डाग नाहीच, तिथला दगड खाल्ला गेलाय. म्हणून घासून जात नाही आणि व्हिनेगरने वाढतो.

आता सीलर. चांगला सीलर दगडाच्या आत शिरतो आणि बारीक छिद्रांमध्ये पाणी-तेल मुरू देत नाही, म्हणजे हळद, तेल, चहा पुसायला तुम्हाला वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम. लिंबाचं ऍसिड वरच्या वर चावतं, त्याला सीलर अडवत नाही, दुकानदार काहीही सांगू दे. वरून चकचकीत थर देणारं लॅकरसारखं कोटिंग पण मिळतं, पण ओट्यावर मी ते कधीच सांगणार नाही, गरम कुकर टेकला आणि सुरी फिरली की पापुद्रे निघतात आणि मग ते खरवडत बसा.

आत्ता पडलेले डाग काढायचे तर पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल, तो हँड मशीनला डायमंड पॅड लावून तेवढा भाग घासून परत चमक आणतो. त्याला सांगा, मिरर पॉलिश नको, मॅटच ठेव, मॅटवर पुढचे डाग कमी उठून दिसतात. आणि लिंबू चिरायला पाट घ्या, लोणच्याच्या बरणीखाली ताटली ठेवा, मला तरी हाच सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो.

कोट्याला मात्र सीलर जरूर मारा, पण आधी बघा लागतोय का. फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, थेंबाखालचा दगड गडद झाला तर पाणी मुरतंय, नाही झाला तर बाटली दुकानातच राहू द्या. कडप्प्यालाही हीच टेस्ट, तो बराच घट्ट असतो, कधी कधी काहीच पीत नाही.

मारायचा असेल तर दिवाळीनंतर मारा, तुमच्या कोकणातल्या पावसात फरशी आतून सुकतच नाही आणि ओल आत कोंडली की वर पांढरी पावडर फुटते. फरशी साध्या भांड्याच्या लिक्विडने धुवून निदान एक दिवस पूर्ण सुकवा, गॅसखालच्या एखाद्या कोपऱ्यात लावून रंग बदलतो का बघा, मग सुती कापडाने पातळ हात, बाटलीवर लिहिलीत तेवढी मिनिटं थांबून उरलेला सगळा पुसून काढा. लोक चुकतात ते इथेच, जास्त लावलं की चांगलं असं वाटतं आणि न मुरलेला सीलर वरच सुकून धुरकट चिकट थर बसतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, कारण सॉल्व्हंटवाल्या सीलरची वाफ पेट घेते. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी लावू नका. परत कधी मारायचा ते बाटलीवरची वर्षं नाही, थेंबच सांगतील.

हो, आणि टॉयलेट क्लीनर किंवा गवंड्याचं ते ऍसिड कोट्यावर अजिबात नको. नवीन फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी सर्रास ऍसिड मारतात, डाग जातात आणि फरशी पण जाते.

प्रश्न : कोट्यावर हळदीचा डाग आहे, सोड्याची पेस्ट लावली तर लालच झाला! – एक वाचक, सांगली

उत्तर : घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते, कुंकू असंच करतात. पाण्याने धुवा. मग मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड टिश्यूला भिजवून डागावर ठेवा, वर प्लास्टिक झाका, काही तासांनी बघा. हातमोजे घाला, आणि आधी कोपऱ्यात ट्राय करा कारण गडद दगड फिका पडू शकतो. ऊन येत असेल तर नुसत्या उन्हाने पण हळद फिकी होते. सोड्याची पेस्ट तेलाच्या डागाला ठेवा, तिथे ती कामाची आहे, जाडसर थापून रात्रभर सुकू द्यायची.

प्रश्न : ग्रॅनाइटला पण सीलर लागतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काळ्या ग्रॅनाइटला बहुतेक वेळा नाही, फिकट रंगाच्याला लागू शकतो, तीच थेंबाची टेस्ट. लिंबाची भीती नाही.

प्रश्न : पाट्या-वरवंट्याला सीलर मारला तर मसाल्याचा वास धरणार नाही ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो नको! त्यावर आपण वाटतो, ते पोटात जाणार. वाटून झाल्यावर मूठभर भिजवलेले तांदूळ वाटून टाकून द्या, वास निघतो, आणि गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून घ्या.