पहिल्या नोकरीत पगाराआधी शेवटचा बाक बघा

कागलहून एका वडलांनी लिहिलंय. मुलगी आत्ताच बीएड झाली, विषय गणित. दोन शाळा बोलावतायत. एक कोल्हापूरच्या पलीकडची मोठी इंग्लिश मिडियम, महिना पंधरा हजार. दुसरी तिनं इंटर्नशिप केली ती मराठी शाळा, बारा हजार, तिथले गणिताचे सर तिला सांभाळून घ्यायचे. पोरीचा ओढा दुसरीकडं. वडील विचारतायत, तीन हजार उगाच का सोडायचे? आणि भावकीतल्या दोन मुलींनी वर्षाच्या आत शिकवणं सोडून बँकेच्या परीक्षा धरल्या, हिचंही तेच होणार असेल तर आत्ताच लाईन बदलू का?

दादा, दुसरा प्रश्न आधी घेतो, खरी मेख तिथंच आहे. त्या दोघींनी शाळा का सोडली हे कुणी विचारलं का? माझ्याकडं दरवर्षी दिवाळी झाली की अशी चार-पाच पोरं येतात, सर मला शिकवायला जमतच नाही म्हणतात, आणि खोदून विचारलं की कळतं जूनपासून एकदाही यांच्या वर्गात मागं बसून कुणी तास बघितलेला नाही, सगळ्यात दंगेखोर तुकडी यांच्याच गळ्यात कारण जुने सर ती घेत नाहीत, ऑफ तास बदली तासात जातो, आणि पाठ टाचणावर न वाचताच सही. यात न जमणं कुठनं आलं?

माझं सांगतो. पहिली नोकरी, आठवी क, 62 पोरं. तीन महिने नुसतं ओरडून घसा बसला. एक दिवस रिटायर व्हायला आलेले हिंदीचे सर न सांगता शेवटच्या बाकावर येऊन बसले, तास संपल्यावर हातात चिठ्ठी ठेवून गेले. प्रश्न 14, त्यातले 12 पुढच्या दोन बाकांना, फळ्याकडं तोंड 17 मिनिटं. बस एवढंच. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाला विचारला. वर्ग काय लगेच सरळ झाला नाही, पण कुठं बघायचं ते मला कळलं.

आता गंमत बघा. बीएड 2015 पासून दोन वर्षांचं झालं, त्यात 20 आठवडे शाळेत काढायचे, पैकी 16 दुसऱ्या वर्षात. तेवढे दिवस कॉलेजचे मेथडचे, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे सर येतात, पाठ बघतात, निरीक्षण वहीत लाल पेनानं लिहितात. मार्क भरले की कॉलेज आणि शाळेचा संबंध पुढच्या बॅचपर्यंत बंद. म्हणजे मुलगी एकटी वर्गात उभी राहते नेमकं तेव्हाच मागचा बाक रिकामा! सरकारी नोकरीत पण वेगळं नाही, शिक्षण सेवकाची तीन वर्षं, माध्यमिकला 2023 पासून 18 हजार मानधन, पण त्या तीन वर्षांत तिला हाताला धरून शिकवायची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे ते विचारून बघा.

दुसरीकडं याचा विचार झालाय. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठानं 1988 मध्ये तिथल्या शाळांबरोबर मिळून मुरलेल्या शिक्षकांना वर्गातून मोकळं केलं आणि नव्यांच्या जोडीला दिलं. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षं मेंटॉर, म्हणजे हाताला धरून शिकवणारा अनुभवी शिक्षक, आणि पहिल्या वर्षी 10 टक्के तास कमी. आपल्याकडं 2020 च्या राष्ट्रीय धोरणात मेंटॉरिंगचं राष्ट्रीय मिशन लिहिलंय, काम एनसीटीईकडं, म्हणजे बीएडसारख्या कोर्सचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडं दिलंय. कागद चांगलाय, पण तो कागलला पोचेपर्यंत तुमची लेक मुख्याध्यापिका होईल.

म्हणून पोरीच्या मनाप्रमाणे करा म्हणतो मी, बारा हजाराची शाळा. तिथं कॉलेजचे सर पुढची बॅच घेऊन येणारच आहेत, म्हणजे कॉलेज आणि शाळेचा धागा आयता शिल्लक आहे. तिनं त्यांना एवढंच म्हणायचं, सर, पाठ बघायला आलात की महिन्यातनं एकदा माझ्या पण वर्गात बसा. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसतं गुड मॉर्निंग आणि जीआर फिरवण्यापेक्षा चौघी-पाच जणींनी प्राचार्यांना भेटून पहिला शनिवार मागून घ्यायचा, सकाळची शाळा सुटली की कॉलेजात जायचं आणि त्या महिन्यात फसलेला एक तास सगळ्यांसमोर मांडायचा. याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही, चहाचा खर्च लागतो.

तीन हजाराचं म्हणाल तर पैसा लहान नाही, मान्य. पण कागलहून शहराच्या पलीकडं रोज दोन गाड्या बदलून जायचं म्हणजे त्यातले किती हातात उरतात ते जरा मांडून बघा. आणि इंग्लिश मिडियमवाल्यांना पण विचारायला हरकत नाही, आठवड्याला तास किती, गणिताचं सीनियर कोण, ते हिच्या तासाला बसतील का. उत्तर सरळ आलं तर मी माझं मत बदलेन. बँकेचं आत्ता डोक्यात नको, टीएआयटीचा, म्हणजे शिक्षकभरतीच्या परीक्षेचा अभ्यास मात्र सोडू नये.

एकच अडचण दिसते. इंटर्नशिपला जे गणिताचे सर तिला सांभाळून घ्यायचे म्हणून तुम्ही लिहिलंय, ते अजून त्या शाळेत किती वर्षं आहेत? याच मे मध्ये रिटायर होत असतील तर मग महिन्यातनं एकदा येणाऱ्या कॉलेजच्या सरांवर सगळं भागणार नाही, रोजच्या आधाराला दोन्ही शाळा सारख्याच, पंधरा हजार घ्या. आज त्यांना फोन करा आणि मला कळवा.