पानासारखा दात दिसला म्हणजे डायनासोरच का?

ट्रायासिक काळातल्या (साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) वनस्पतिभक्षी सरीसृपाचे दोन-चार दात आणि जबड्याचा तुकडा एवढंच हाती असेल, तर तो डायनासोर होता की नाही हे सांगता येतं का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या दातांवरून बहुतेकदा नाही. जबड्यावरून कधीकधी.

पानाच्या आकाराचा, कडेला जाडसर दाते असलेला दात मिळाला की पूर्वी सरळ डायनासोरची चिठ्ठी लागायची. न्यू मेक्सिकोतल्या अशाच दातांवरून १९८९ मध्ये रेव्हुएल्टोसॉरस हे नाव ठेवलं गेलं आणि त्याला ऑर्निथिस्कियन, म्हणजे पक्ष्यासारख्या कंबरेच्या, डायनासोरांत बसवलं. २००५ मध्ये अॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमधल्या त्याच्या सांगाड्यांचं वर्णन आलं, तर स्वारी निघाली मगरींच्या गोतावळ्यातली! मग सुट्या दातांवरच उभे असलेले उत्तर अमेरिकेतले इतर ट्रायासिक ऑर्निथिस्कियनही संशयात सापडले. पाला कापायचा तर दात साधारण तसाच लागतो, घराणं कुठलंही असो.

अझेंडोहसॉरसचीही तीच गत. मोरोक्कोतल्या तुटक्या जबड्यामुळे आणि दातांमुळे तो १९७२ पासून डायनासोर म्हणून मिरवला, तोही आधी एका गटातला, मग दुसऱ्या. मादागास्करमधल्या त्याच्या भाऊबंदाची कवटी २०१० मध्ये तपशिलात मांडली गेली तेव्हा दिसलं, की टाळूवरही दातांच्या रांगा आहेत आणि दात खोबणीत बसून हाडाला चिकटलेले आहेत. डायनासोरांच्या शाखेपासून तो बराच लांबचा निघाला.

ऱ्हिंकोसॉर, म्हणजे चोचीसारख्या तोंडाचे वनस्पतिभक्षी सरीसृप, यांच्या बाबतीत मात्र तुकडा पुरतो. त्यांच्यातल्या हायपरोडापेडॉनच्या वरच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगांची फरशी असते आणि तिच्यात लांबट खाच. मिटवायच्या चाकूचं पातं मुठीत जावं तसा खालचा जबडा त्या खाचेत बसतो. मागे नवे दात येतात, पुढचे झिजून गुळगुळीत होतात. हे इतकं वेगळं, की बोटभर तुकडाही ओळखू येतो. (नमुने लावताना मला सगळ्यात कमी डोकेदुखी यांचीच.)

तेव्हा तुमच्या तुकड्यात आधी दाताचं डोकं बघू नका. भिंग घेऊन तुटलेली कड बघा: मूळ खोबणीत सुटं आहे, हाडाला जुळलंय, की जबड्याच्या काठावर नुसतं टेकलंय? एवढ्यावर जात ठरत नाही, पण बरीच नावं गळतात. काहीच खास खूण मिळाली नाही, तर 'आर्कोसॉरोमॉर्फ, अनिश्चित' (म्हणजे मगरी, डायनासोर आणि त्यांच्या दूरच्या नातलगांच्या मोठ्या गटातलं काहीतरी) लिहून डबी बंद करा. मी तरी तसंच करतो.