युरियाची भुकटी आणि हिरवा प्रकाश

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) कोरडवाहू शेती करतो. कपाशीला आम्ही जो युरिया देतो, त्याच्या भुकटीवर अदृश्य लेसर टाकला की हिरवा प्रकाश निघतो, असे महाविद्यालयात ऐकले होते. हे खरे आहे काय? आणि पॅरा-नायट्रोॲनिलीनचा रेणू या कामी युरियाहून कितीतरी सरस असताना त्याच्या स्फटिकाला हे का जमत नाही?
– एक वाचक

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरचे तीव्र स्पंद युरियाच्या भुकटीवर पडले, की त्यातील थोडा प्रकाश निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर येतो. कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ मध्ये भुकटीवरील ही चाचणी मांडली आणि पुढे नव्या सेंद्रिय पदार्थांची तुलना युरियाशी करण्याचा प्रघात पडला. पोत्यातील दाण्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असला, तरी आतले स्फटिक तेच असतात. मात्र असा लेसर डोळ्यांना अत्यंत घातक असल्याने हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नव्हे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने रेणूतील इलेक्ट्रॉन मागेपुढे हलतात. प्रकाश मंद असेल तर हे हलणे क्षेत्राच्या प्रमाणात असते, पण लेसरइतका तीव्र असेल तर ते प्रमाण सुटते. पॅरा-नायट्रोॲनिलीनमध्ये बेंझीन वलयाच्या एका टोकाचा अमिनो गट इलेक्ट्रॉन देऊ पाहतो, समोरच्या टोकाचा नायट्रो गट ते ओढून घेतो आणि वलयातील सैल इलेक्ट्रॉन त्यांना वाट करून देतात. साहजिकच नायट्रो गटाकडे सरकणे सोपे आणि उलट फिरणे अवघड होते. या एकांगीपणातूनच दुप्पट वारंवारतेचा, म्हणजेच निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश जन्मतो.

अडचण येते ती स्फटिक बनताना. या रेणूंना दोन विद्युत टोके असल्याने ते एकमेकांशेजारी उलटसुलट बसतात आणि स्फटिकाला सममिती केंद्र लाभते, म्हणजे असा मध्यबिंदू की ज्याच्या एका बाजूला जे असते तेच नेमक्या विरुद्ध बाजूलाही तितक्याच अंतरावर असते. बंडीला एक बैल पुढे तोंड करून आणि दुसरा मागे तोंड करून जुंपावा, तसे एकाचे बळ दुसरा खाऊन टाकतो. आता याच रेणूत अमिनो गटाशेजारी एक मिथिल गट जोडून २-मिथिल-४-नायट्रोॲनिलीन केले, की रचना बदलते, सममिती केंद्र नाहीसे होते आणि स्फटिक कमालीचा प्रभावी ठरतो. मेटा-नायट्रोॲनिलीनचा रेणू (ज्यात हे दोन गट वलयावर समोरासमोर नसतात) तर पॅरापेक्षा दुबळा, तरीही त्याच्या स्फटिकात सममिती केंद्र नसल्याने तो काम करतो. रेणूतच एखादा किरल घटक (ज्याची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसत नाही असा) घातला आणि त्याचे एकच प्रतिबिंबरूप वापरले, तर स्फटिकात सममिती केंद्र येऊच शकत नाही. रसायनज्ञांची ही युक्ती मला सर्वांत देखणी वाटते.

युरियाच्या स्फटिकातही रेणू उलटसुलटच असतात आणि त्यांची विद्युत ध्रुवता एकूण शून्य होते, तरी त्यांची मांडणी अशी पिळलेली आहे की सममिती केंद्र तेवढे उरत नाही. शिवाय तो अतिनील प्रकाशातही बराच पारदर्शक राहतो. याउलट संयुग्मित साखळी (एकाआड एक दुहेरी बंधांची, जिच्यातून इलेक्ट्रॉन सैल फिरतात) लांबवून रेणूचे सामर्थ्य वाढवावे, तर पदार्थ पिवळा, पुढे लाल होत जातो आणि स्वतःच निर्माण केलेला हिरवा प्रकाश शोषू लागतो.

इतके असूनही हिरव्या लेसर पॉइंटरमध्ये युरिया नसतो, कारण तो मऊ आहे आणि हवेतील ओल ओढून घेतो. तेथे पोटॅशियम टिटॅनिल फॉस्फेट हा टणक अकार्बनी स्फटिक बसवतात.