तो ‘वेगळा विषय’ नाही

‘ताई, मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतून ऑगस्टपासून आमच्याच सोसायटीत (40 फ्लॅट) शून्य कचरा प्रकल्प चालवते, मीच प्रकल्पप्रमुख. पार्किंगमध्ये ओल्या-सुक्याचे मोठे डबे ठेवले, मागच्या अंगाला कंपोस्टचे सहा ड्रम. पहिले दोन महिने छान गेले. आता लोक सगळं एकत्र टाकतात, ड्रमला वास येतो, अळ्या होतात. सेक्रेटरी काकांनी महिनाअखेरपर्यंत ड्रम हलवायला सांगितलंय. नऊ जणांतले आम्ही दोघंच उरलोय. सुका कचरा आम्हीच विकतो, महिन्याला 1,200 रुपये येतात, त्यातून टी-शर्ट आणि बोर्डांचा खर्च निघाला. आधी दारोदार कचरा घ्यायला यायच्या त्या ताई आता आमच्याशी धड बोलत नाहीत, पण तो वेगळा विषय. फेब्रुवारीत कॉलेजात सादरीकरण आहे. लोकांची मानसिकता कशी बदलू? की सोडून देऊ?’

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सेक्रेटरी, पळालेले मित्र, तिसऱ्या मजल्यावरचे डायपर टाकणारे, सगळ्यांबद्दल तू भरभरून लिहिलंस (वर मी ते बरंच कापलंय). आणि ज्या बाईच्या हातातून तू महिन्याचे 1,200 रुपये काढून घेतलेस, तिच्यासाठी एक वाक्य. त्याच्याही शेवटी ‘पण तो वेगळा विषय’.

तो वेगळा विषय नाही. तुझ्या पत्रात दुसरा विषयच नाही.

ती बाई दारोदार कचरा घ्यायची तेव्हा तिची कमाई दोन वाटांनी यायची. एक म्हणजे घरटी दरमहा मिळणारं शुल्क. दुसरी म्हणजे सुक्या कचऱ्यातून निवडलेला माल: पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच. तो वेगवेगळा करून भंगारच्या दुकानात नेला की जे येतात ते तिचे. पुण्यात ही रीत आहे आणि ती फुकट मिळालेली नाही. तुम्ही ज्याला ‘प्रकल्पाचा निधी’ म्हणता, तो पाच महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी घरचा किराणा होता. तुला हे कुणी सांगितलं नसेल, मान्य आहे. पण ती बोलायची थांबली तेव्हा तरी विचारायचं होतंस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, लोक वर्गीकरण का करत नाहीत. पूर्वी करायचे की नाही? तूच लिहिलंयस की ऑगस्टमध्ये ‘बऱ्यापैकी वेगळं मिळत होतं’. ती सवय त्यांना कुणी लावली होती? ताकात भिजलेल्या रद्दीला भंगारवाला भाव देत नाही. त्यामुळे तुमच्या सबंध सोसायटीत कचरा वेगळा मिळावा याची रोजची, पैशातली गरज असलेलं माणूस एकच होतं. ती दारात उभी राहायची, पिशवी उघडून बघायची, ‘वहिनी, हे ओल्यात कशाला टाकलंत?’ म्हणायची. उद्या पुन्हा ती दारात येणार आहे, या भिडेने माणूस दोन डबे ठेवतो. तू ती बाई दारातून काढलीस आणि पार्किंगमध्ये दोन डबे आणून ठेवलेस. डबा कुणाला काही विचारत नाही. रात्री अकराला कुणीही येऊन काहीही टाकून जातो.

लोकांची मानसिकता जिच्यामुळे जागेवर होती, तिलाच तू बाजूला केलंस. पोस्टरांनी ते भरून निघणार नाही, आणि वॉट्सॲपवर आणखी दहा मेसेज टाकूनही नाही.

ही चूक करणारी तू पहिली नाहीस, म्हणून तुझ्याच शहरातली गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या काही जणी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करत होत्या. उकिरड्यात हात घालण्यापेक्षा घरातूनच कचरा वेगळा मिळाला तर, असा विचार करून त्या बायकांना घेऊन कोरेगाव पार्कमध्ये दारोदार गेल्या. काम सुरू झालं, आणि मग त्याच भागात दुसऱ्या कुणीतरी गाडी लावून कचरा न्यायला सुरुवात केली. वरून बघितलं तर चांगलीच सेवा, रस्ते साफ राहणार. पण बायकांचं पोट त्या गाडीत चाललं होतं. त्या अडून उभ्या राहिल्या. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे 2008 मध्ये याच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा घेण्याचं काम अधिकाराने त्यांच्याकडे आलं. 2016 च्या घनकचरा नियमांत तर कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्या असं लिहिलंच गेलं. गळ्यात ओळखपत्र आणि हातात ढकलगाडी घेऊन तुमच्या गेटवर बाई येते, तिच्यामागे एवढं सगळं आहे. तुझ्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये यातलं एक अक्षर नसणार, कारण कॉलेजने तुम्हाला कंपोस्टचं प्रशिक्षण दिलं, पण कचरा आजवर कोण उचलत होतं ते सांगितलं नाही. याचा मला खरंच राग येतो, आणि तो तुझ्यावर कमी आणि तुझ्या मोठ्यांवर जास्त आहे.

ड्रमचं म्हणशील तर वास येतो कारण आत फक्त ओलं आहे. भाजीची देठं, उरलेला भात, आमटी, आणि वर झाकण. हवा नाही, सुकं काही नाही, मग ते कुजतं. ओल्याच्या प्रत्येक थरावर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा हवा, दोन-तीन दिवसांनी वर-खाली करायला हवं, तळाशी साचणारं काळं पाणी काढून टाकायला हवं. आमटी-रस्सा गाळूनच टाकायचा. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. ही लाल ठिपक्याची मागणी याच बायकांनी पुणेकरांकडे केलेली आहे, कारण उघड्या पॅडला हात त्यांचे लागतात. चाळीस घरांचं ओलं सहा ड्रममध्ये रोज कोंबलं तर मुरायला वेळच मिळत नाही, तेव्हा निम्म्या घरांपासून सुरू कर. हे सगळं पंधरा दिवसांत सुधारतं. त्याची मला काळजी नाही.

सोडू का, असं विचारतेस. नाही. पण प्रमुखपद सोड.

उद्या सकाळी ती येते त्या वेळेला खाली जा. एकटी जा, टीमला नको, मोबाइलही वर ठेव. तिला सांग की सुका कचरा आजपासून परत तुमचा, आणि तो पार्किंगमधून नाही, दारातून. पार्किंगमधले डबे त्याच दिवशी उचल. मग विचार, ड्रमचं काम कराल का, किती घ्याल? ती सांगेल त्यात घासाघीस करू नकोस. तो आकडा घेऊन सेक्रेटरीकाकांकडे जा आणि सांग, बाग, लिफ्ट, पाण्याची टाकी यांच्यासारखाच हा सोसायटीचा खर्च आहे, मेंटेनन्समधून जायला हवा. चाळीस घरांत वाटला तर घरटी फार येणार नाही. तुझ्या बिनपैशाच्या स्वयंसेवेवर त्यांचा कचरा किती दिवस चालणार होता? पुढच्या वर्षी तू तिसऱ्या वर्षाला जाशील, त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्या शहरात. ती इथेच असणार आहे.

ती लगेच विरघळणार नाही. कदाचित ‘बघू’ म्हणेल आणि गाडी ढकलत पुढे जाईल. दुसऱ्या दिवशी परत जा. तिला तुझ्याकडून फुलं, सत्कार, प्रमाणपत्र काही नको आहे, कृपा करून तसलं काही काढू नकोस.

आणि पैसे. पाच महिन्यांचे 6,000 झाले. टी-शर्ट नऊ जणांनी घातलेत, तेव्हा नऊ जणांनी मिळून ते परत द्यायचे. जे सात जण टीम सोडून गेले त्यांनाही फोन कर. प्रत्येकी 700 सुद्धा होत नाहीत. तू बोर्डावर ‘पारदर्शक हिशोब’ असं लिहिलंयस असं पत्रात आहे, तर ती हिशोबाची वही उद्या बरोबर घेऊन जा आणि कोणत्या महिन्यात किती माल गेला ते तिला वाचून दाखव. आकडा कमी लागलाय असं ती म्हणाली तर तिचं खरं धर, मालाचं वजन तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.