खिशातलं मेंढरू

"ताई, तिथं शिकवतात की भातुकली खेळवतात?"

पोरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाबद्दलचा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आई दारातून आत येतानाच तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसतो. वडोदऱ्यात पोरांच्या काळजीने सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी बरीच घरं मराठी. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली गायकवाडी काळापासूनची आहेत, तशी नोकरीपायी वसईहून आलेली कॅथलिक मंडळीही आहेत. कुणाचा मुलगा शुभंकरोती म्हणायला बसत नाही, कुणाचा 'नमो मारिया' अर्ध्यात विसरतो. पोर धर्मात कच्चं राहणार ही धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच.

छोटूची आई (नाव आणि काही तपशील बदललेत) ही अशीच. मुलगा साडेसहा वर्षांचा, वडील भरूच जिल्ह्यातल्या दहेज गावी कारखान्यात, शनिवारी घरी. चर्चमधल्या सिस्टरनी लहानग्यांसाठी एक खोली मांडली होती. मुलांच्या उंचीची फळ्यांची कपाटं, लाकडी चिमुकली वेदी, बोटभर पेला, पाण्याचे छोटे जग आणि एका पाटावर कुंपण, मेंढपाळ नि दहा मेंढरं. रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी या दोघींनी 1954 मध्ये लहानग्यांना असं हाताळायला देऊन धर्म शिकवायची ही पद्धत सुरू केली. पहिली हिब्रूची अभ्यासक, दुसरी मॉन्टेसरीच्या मुशीतली. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, तेव्हाही 'पोरं नुसती खेळतात' असंच बोललं गेलं असणार, असं मला आपलं वाटतं.

"सहा रविवार झाले," आई म्हणाली. "काय शिकलास विचारलं तर म्हणतो, पाणी ओतलं. मावसभावाला सगळ्या प्रार्थना पाठ आहेत. पहिल्या कम्युनियनला हा काय सांगणार फादरना?" पहिलं कम्युनियन म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी.

"सांडतं का?"

"काय?"

"पाणी."

ती जरा थांबली. "आधी सांडायचं. आता नाही सांडत."

सहा रविवारांचं काम ते हेच. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर द्राक्षारसात पाण्याचे दोन थेंब घालतात. मागच्या बाकावरून ते कुणाला दिसतसुद्धा नाही. ज्याने तो जग स्वतः हातात धरलाय, ते पोर मान उंचावून नेमकं तेवढंच बघतं. पुढच्या रविवारी तुम्ही वेदीकडे बघू नका, त्याच्याकडे बघा, असं मी तिला सांगितलं. तिने बघितलं. येऊन म्हणाली, "खरंच उभा राहिला हो!" पण पाठांतराचा काटा काही निघाला नव्हता.

मग एक दिवस ती रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. लाकडी मेंढरू. छोटूच्या चड्डीच्या खिशात सापडलेलं.

"चोरी, ताई. तीही देवाच्या घरातून. मी म्हटलं, येशू बघतोय तुला."

माझाही पहिला अंदाज चुकला, हे सांगायला हवं. वाटलं, आवडलं असेल म्हणून उचललं. मेंढरू टेबलावर ठेवलं आणि छोटूला बोलावलं.

"किती असतात रे ही?"

"दहा."

"आता तिथं?"

"नऊ." मग बराच वेळ काही नाही. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला पंचवीस वर्षांनी थोडंफार जमायला लागलंय. "मेंढपाळ मोजतो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सिस्टरनी वाचून दाखवलं होतं. एक हरवलं की शोधायला जातो. दोन रविवार झाले. कुणी मोजलीच नाहीत."

आईने रुमाल मुठीत घट्ट धरला. तो आत खेळायला गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "त्याचे बाबा गेले दोन शनिवार आलेले नाहीत." मी ते तिथंच राहू दिलं. माझ्या धंद्यात असल्या गाठी ओढून बांधायचा मोह फार होतो.

पण एवढं मी पक्कं म्हणेन. साडेसहा वर्षांच्या मुलाने येशूची एक बोधकथा ऐकली आणि ती खरी निघते का, ते करून बघितलं. उत्तरं पाठ असलेल्या पोराच्या डोक्यात हा प्रश्न आला असता का? मी स्वतः अथर्वशीर्ष सातव्या वर्षी घडाघडा म्हणत होते. अर्थ चाळिशीत वाचला.

पाठांतराशी माझं वैर नाही. रात्री दिवा मालवताना आईने प्रार्थना पुटपुटावी, पोराच्या कानावर पडत राहावी, विसरला तर तिनेच पुढचा शब्द म्हणावा. फक्त पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' नको. 'काय शिकलास' विचारूच नका. 'आज हातात काय घेतलंस' विचारा, मग ऐकत बसा. घरात एक काम त्याचं असू द्या. मेणबत्तीपाशी फूल ठेवणं म्हणा, नाहीतर आमच्या घरांत देवाची ताम्हन-पळी पुसणं. सांडलं तर फडकं त्याच्याच हाती द्या. आणि 'देव बघतोय' हे दटावणीला वापरणं आजपासून बंद. ज्याच्याकडे पोराने धावत जावं असं वाटतं, त्यालाच फौजदार का करता?

कम्युनियनच्या काळजीवर मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी वयाची अट सातव्या वर्षाच्या आसपास आणली. तेव्हा मुलाकडून संपूर्ण ज्ञानाची अपेक्षा ठेवली नाही. साधी भाकर आणि ही कम्युनियनची भाकर यांतला फरक त्याला कळावा, मुख्य तो. "एवढंच?" तिने विचारलं. तिच्या लहानपणी पश्चात्तापाची प्रार्थना अडली म्हणून तिला सगळ्यांदेखत रांगेतून मागे पाठवलं होतं, ते त्या दिवशी निघालं. त्यावर आमच्या आणखी तीन भेटी गेल्या.

तिला विचारूनच मी सिस्टरना फोन केला. रागावू नका, नुसतं मोजा, एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी सिस्टर पाटापाशी बसल्या, बोट लावत मोजलं, "अगं बाई, एक कमी आहे," म्हणाल्या आणि गुडघ्यांवर येऊन कपाटांखाली शोधू लागल्या. आई दारातून बघत होती. छोटूने त्यांना दोन कपाटं शोधू दिली. तिसऱ्याकडे वळल्या, तेव्हा त्याने खिशात हात घातला.